हेल्मच्या नावावर

हेल्मने पुन्हा नकार दिला. ऋचाने पडद्यावरची ओळ नीट वाचली. अर्थ सरळ होता: हे सगळं इथे आधीच आहे, पण मी बसवलेलं नाही, मी हात लावणार नाही.

खराडीतल्या त्या ऑफिसात घरपोच दूध पुरवण्याचे सारे प्रोग्रॅम सर्व्हरच्या एका क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या संचावर, चालत. यज्ञेश्वर सरांनी ते एकेक करून हाताने बसवले होते. काहीही बदलायचं तर सरांना फोन. मग सर जेवत असोत की कुणाच्या मुंजीत असोत. आता ते काम हेल्म या नव्या सॉफ्टवेअरकडे जायचं होतं. एक आज्ञा दिली की नवं बसेल, बिघडलं तर जुनं परत येईल. आणि ती आज्ञा कुणालाही देता येईल. मॅनेजर आमोदने मुदत दिली होती ती आजचीच. जमलं नाही तर हेल्म गुंडाळायचं आणि ऋचाने पुन्हा तक्रारींच्या फोनवर बसायचं.

उपाय तिला ठाऊक होता. प्रत्येक प्रोग्रॅमवर हेल्मची खूण लावायची, म्हणजे ताबा हेल्मकडे जातो. पण चालत्या क्लस्टरला हात लावायचा अधिकार एकट्या सरांचा. आणि सर आपली खुर्चीसुद्धा कुणाला हलवू देत नाहीत, अशी त्यांची ख्याती.

ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, तुमचं सगळं हेल्मच्या नावावर करायचंय."

"वा! माणूस जिवंत असतानाच वारसनोंद?"

ऋचा हसली नाही. "तुम्ही नसलात की आमचे हात बांधलेले असतात, सर. शिकून घेऊ, चुकलो तर निस्तरू. पण आता हे आम्हाला द्या."

सरांनी चष्मा पुसला आणि कीबोर्ड पुढे ओढला. एकेका प्रोग्रॅमवर ते स्वतःच्या हाताने नवी खूण लावत गेले. घाई नाही, कुरकुर नाही.

"हं. दे आज्ञा."

हेल्मने सगळं निमूटपणे पदरात घेतलं. दुधाच्या मागण्या येत होत्या तशाच येत राहिल्या.

ऋचाचा श्वास मोकळा झाला. "खरं सांगू, सर? वाटलं होतं, तुम्ही सोडणार नाही."

"धरलं होतं कुणी?" सर उठत म्हणाले. "आजवर जो आला तो 'सर, करून द्या' म्हणत आला. 'आम्हाला द्या' म्हणणारी तू पहिलीच."