विनया सिस्टरांचा अंगठा

रसदेच्या जहाजावरून दोराने झुलत आलेलं खोकं रुग्णालयाच्या जहाजावर टेकताच विनया सिस्टरांनी ते घाईघाईने फोडलं. आत सलाईन नव्हतंच. प्रेत गुंडाळायची एक पिशवी होती आणि तिच्यावर त्यांचंच नाव होतं.

"अरे, पिशवी कसली पाठवता? अक्कल आहे का?" त्या समोरच्या जहाजावर ओरडल्या. पण तिथे ऐकायला माणूसच नव्हता, सगळा कारभार यंत्राचा.

हल्ली सलाईनच्या बाटल्या नोंद असलेल्या माणसाच्या अंगठ्यानेच उघडत आणि त्याच्याच नावावर पडत. खाली कॉलऱ्याने तळमळणाऱ्या बेटवासीयांच्या नोंदी तर बेटाबरोबरच बुडाल्या होत्या. म्हणून कालपासून सिस्टर प्रत्येक बाटलीवर स्वतःचाच अंगठा टेकवत होत्या. एकट्या बाईला एवढं सलाईन लागलं म्हणजे ती गेलीच असणार, असं यंत्राने ठरवून टाकलं.

त्यांनी शिल्लक पेटीतल्या बाटलीवर अंगठा दाबून पाहिला. झाकण ढिम्म हललं नाही.

"डोक्याला नुसता ताप!" पिशवी भिरकावून त्या वळल्या. मागे आचारी बावकर पिठाचा हात पुसत उभा होता आणि त्याच्यामागे खलाशांची रांग लागली होती.

"ती पेटी इकडे द्या, मॅडम," बावकर म्हणाला. "आज मी मरतो."