वाटीपर्यंत

वृंदाने दूधभाताची वाटी पुन्हा पिठीसमोर सरकवली. या मांजरीला दत्तक घेऊन आठवडा झाला होता आणि नसबंदीचं ऑपरेशन होऊन दोन दिवस. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची मोठी कॉलर होती. पिठी यायची, हुंगायची आणि मागे सरकायची. सहापर्यंत खाल्लं नाही तर तिला दवाखान्यात ठेवावं लागणार होतं. पाच वाजून गेले होते.

“भूक आहे गं तिला,” दारातून सासूबाई म्हणाल्या. मांजरीला त्यांनी देवघराच्या आसपासही फिरकू दिलं नव्हतं. “ते नरसाळं आधी जमिनीला टेकतं, मग तोंड पोचणार कसं? वाटी उंचावर ठेव.”

वृंदाने डबा पालथा घातला, तो घसरला. पुस्तकं रचली, ती कलंडली. शेवटी तिने डॉक्टरांना फोन लावायला घेतला.

तेवढ्यात सासूबाईंनी देवघरातला बाळकृष्णाचा वीतभर चौरंग आणून पिठीसमोर मांडला.

“अहो आई, देवाचा?”

“तो रांगताच आहे. राहील आठ दिवस खाली.”

पिठीने कॉलरसकट मान पुढे केली. वाटी चाटल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे वृंदाने फोन खाली ठेवला.