घरातली सायकल

"दिवे लागायच्या आत घरात पाय दिसला पाहिजे!" लहानपणी आईनं मारलेली हाक कृष्णातच्या कानातून कधी गेलीच नाही. म्हणून सहाशे किलोमीटरच्या राइडचा सराव त्यानं बंगळुरातल्या राजाजीनगरच्या घरातच आणला. सायकल स्टँडवर चढवली आणि रविवारभर, कानात इअरफोन घालून, जागच्या जागी पायडल मारू लागला. त्याची कानडी बायको शिवलीला, ताट झाकून समोर बसून राहायची.

तिसऱ्या रविवारी तिनं हलकेच त्याचे इअरफोन काढले.

"स्वल्प ऐका, थोडंसंच. तुम्ही रस्त्यावरच जावा."

"अगं, तुझ्यासाठीच तर घरात थांबलोय!"

"ठाऊक आहे हो. पण आधी बाहेर गेला की दर थांब्यावरून 'जेवलीस काय' म्हणून फोन तरी यायचा."