डमी अर्ज

वाशीत नगरपंचायतीला आमचे हे उभे राहिले. छाननीत त्यांचा अर्ज उडाला तर घरातलं एक नाव असावं, म्हणून माझाबी अर्ज भरायला लावला. दोन्ही अर्ज म्याच लिहिले. फॉर्म म्हटलं की ह्यांना घाम फुटतो. गल्लीतल्या बायकांचे रेशनकार्डाचे, निराधारच्या पगाराचे फॉर्मबी माझ्याकडंच येतात. तरी कचेरीत कुणी माझ्याबद्दल विचारलं, की हे हसून सांगायचे, "ती व्हय? ती डमी हाय."

छाननीत दोन्ही अर्ज टिकले.

माघारीच्या दिवशी अडीच वाजता ह्यांनी चारचौघांत माघारीचा कोरा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "उझमा, डमीचं काम झालं. तीनच्या आत भरून दे."

"भरते की," म्या म्हटलं. आन् सावकाश, एकबी खाडाखोड न करता, फॉर्म भरला.



माघार घेणाऱ्या उमेदवाराच्या जागी ह्यांचं नाव घातलं, फॉर्म फिरवून ह्यांच्यापुढं ठेवला आन् पेन हातात दिला. "घ्या, भरलाय. आता तुमी सही करा."