नऊ नंबरची वायर

नऊ नंबरच्या वायरीवर कोणीतरी श्वास घेत होतं.

तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. श्वास आत, श्वास बाहेर. कसलीही घाई नसलेला.

शाळेला सुट्टी होती, भर दुपार होती. वर्गावर्गात सूचना ऐकवणारे स्पीकर बंद पडले होते आणि ते दुरुस्त करायला ती एकटीच वरच्या मजल्यावर, यंत्रांच्या खोलीत बसली होती. हातात साबणाच्या वडीएवढा ट्रेसर. त्याची सुई वायरीला टेकवली की वायरीत जे असेल ते कानात येतं. मुख्य यंत्र बंद असलं तरी येतं, कारण स्पीकर ही मोठी चोंबडी वस्तू आहे. त्याला बोलायचं काम नसलं की तो खोलीतलं ऐकत बसतो आणि ऐकलेलं हळूच वायरीवर सोडून देतो.

एक ते आठ वायरी वर्गांच्या होत्या, तशा चिठ्ठ्याही होत्या. नऊवर चिठ्ठीच नव्हती.

दीड महिन्यापूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून या गावात आली होती. "जिथे जाशील तिथे येईन. मग जिवंत सोडणार नाही," असं तो म्हणाला होता, आणि तो बोललेलं करतो हे तिला पाठीवरच्या वळांनी शिकवलं होतं. नवा पत्ता फक्त आईला ठाऊक होता.

तिने वॉचमनकाकांना फोन लावला. "काका, आत कोणी आलंय का?"

"नाही ताई. सकाळी सफाईवाले आले तेवढेच, तेही केव्हाच गेले. फाटकाला कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला."

"एकेक वर्ग बघून येता? मी इथून ऐकते."

"म्हणजे डॉक्टरीणबाई आता शाळेची नाडी बघणार," काका म्हणाले. गुडघे कुरकुरत असूनही बिचारे उठले.

ती सुई एकेका वायरीवर सरकवत गेली. एक नंबरवर दार करकरलं, चपला फरफटल्या. "इथे नुसती बाकं," काकांचा आवाज आला. दोनवरही तेच, तीनवरही. आठही वर्ग रिकामे. नऊवर मात्र काका आलेच नाहीत. तिथे फक्त श्वास होता, आता जरा जोराचा. तिचा स्वतःचाही तसाच चालला होता.

तेवढ्यात तिच्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली. नऊवर टक्‌ असं वाजलं.

तिने पेन्सिल उचलून मुद्दाम दोनदा आपटली. टक्‌, टक्‌. मग मान उंचावून पाहिलं. समोरच्या उंच कपाटांच्या मागे, भिंतीवर, एका जुन्या स्पीकरची कड दिसत होती. नऊ नंबर म्हणजे हीच खोली.

ती हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग काकांना फोन करून म्हणाली, "काका, तो चोर मीच निघाले."

"आपल्याच श्वासाला भ्यालात होय?"

"दीड महिना तेच चाललंय, काका."

"फाटकावर मी आहे, ताई. निवांत काम करा."

तिला खरंच हायसं वाटलं. किती दिवसांनी खांदे सैल पडले होते. संध्याकाळी आईला फोन करायचा, आता मी ठीक आहे म्हणून सांगायचं, असं तिने ठरवलं.

काम उरलंच होतं. तिने नऊवर चिठ्ठी चिकटवली. आता वायरीत घरघर आहे का ते तेवढं तपासायचं होतं, आणि त्यासाठी खोली अगदी शांत हवी. तिने हेडफोन नीट बसवला, सुई टेकवली आणि श्वास रोखून धरला.

हेडफोनमधला श्वास चालूच राहिला.