वगळलेला काटू

काटू साळिंदर समोरच्या भिंतीवर येऊन बसला, तशी मृण्मयी जेवता जेवता थांबली. तो अडखळत बोलतो म्हणून फार पूर्वी त्याला एका कार्टूनपटातून वगळलं होतं. आता अशी वगळलेली पात्रं भिंतीवर चित्र उमटवणाऱ्या बोलक्या यंत्राच्या मदतीने घरोघरी गप्पा मारायला येत.

“तु-तुझं ना-नाव काय?” काटूने विचारलं.

मृण्मयीने मान खाली घातली. मुलं हसतात म्हणून ती शाळेतही हल्ली बोलत नसे.

“याचं अडखळणं काढून टाकू का?” यंत्राने विचारलं.

तिला वाढत असलेले बाबा ‘हो’ म्हणणार, इतक्यात मृण्मयी म्हणाली, “न-नको, बाबा. त्याला बो-बोलू दे.”

बाबा खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. काटूला स्वतःचं नाव सांगायला तिला बराच वेळ लागला. तिघांपैकी कुणालाच घाई नव्हती.