शेवटचा नंबर

गेली नऊ वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या मी एक दिवसही चुकवलेल्या नाहीत. आता रिपोर्टमध्ये विषाणू सापडतसुद्धा नाही. तरी दाढ दुखायला लागली, तेव्हा दातांच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर मी खरं तेच लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने ते सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं वाचलं. शेजारच्या काकूंनी पर्स छातीशी धरली आणि त्या थेट समोरच्या बाकावर जाऊन बसल्या.

डॉक्टर दारात आले. "तुम्हाला सगळ्यात शेवटी घेऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा नंबर दुसरा आहे. शेवटी का म्हणून?"

"अहो, समजून घ्या. तुमच्यानंतर सगळी हत्यारं मशीनमध्ये घालून निर्जंतुक करावी लागतात. पाऊण तास मोडतो माझा."

"आणि या बाकीच्यांनंतर?"

"त्यांना कुठे काय झालंय? स्पिरिटने पुसलं की भागतं."

"तोंड बघून कळतं होय तुम्हाला? मी लिहिलं म्हणून मी शेवटी. ज्याने लपवलं, ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, त्याच्या तोंडातलं हत्यार नुसतं पुसून पुढच्याच्या तोंडात घालता?"

काकू उठल्या आणि पर्स सावरत पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसल्या.


"डॉक्टर, माझा नंबर यांच्यानंतर लावा."